वहिनींची मूठ आणि मोबाइलमधला बुडबुडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या वर्षी आमच्या वावरात सोयाबीन पट्ट्यापट्ट्यानं उगवलं, त्या वर्षी दोष माझ्या वहिनींच्या हाताचा नव्हता. माझा होता. थोडा मोबाइलचाही होता म्हणा, पण मोबाइलवर ढकलायला लागलो की मी पुन्हा तिथंच जाऊन बसतो, जिथं इतकी वर्षं बसून आहे.

मी मुळात कमी बोलणारा. शहरात औरंगपुऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिथं बोलायचं काम मालक करतात, माझं काम फ्रेम बसवायचं. गिऱ्हाइकाचं नाक वाकडं असू दे, एक कान वर आणि एक खाली असू दे, चष्मा चेहऱ्यावर सरळ दिसला पाहिजे. काड्या गरम करायच्या, वाकवायच्या, पुन्हा घालून बघायचं. या कामात मला मान आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं ते दुसऱ्या कोणाच्या हातून घडलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं.

आमचं गाव कन्नडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावरून आत. शेती थोरला भाऊ बघतो. मी रविवारी स्कूटरवर जातो, दोन कामं बिघडवतो आणि भाजी घेऊन परत येतो.

आता वहिनींच्या मुठीबद्दल. बैलांच्या तिफणीनं पेरणी व्हायची तेव्हा मागं चालणाऱ्यानं चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत चालता चालता बोटांतून बी सोडत राहायचं. दाट नाही, विरळ नाही. बैल अडखळले तर हातानंही अडखळायचं. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी मूठ धरली आणि पीक असं एकसारखं आलं की दुसऱ्यांच्या वावरातूनही त्यांना बोलावणं यायला लागलं. पुढं ट्रॅक्टर आले, पेरणी यंत्राच्या पेटीतलं बी गिअरवर पडायला लागलं, चाडं माळ्यावर गेलं. पण रीत राहिली. पेरणी सुरू करताना पेटीत पहिली मूठ वहिनींनी टाकायची. आमच्या गल्लीत तर त्यांच्याशिवाय कोणी ट्रॅक्टरला चावी लावत नसे. बोलवायला माणूस आला की त्या म्हणायच्या, मला काय तेवढंच काम हाय का, आणि हे म्हणताना अंगावर चांगलं लुगडं आधीच असायचं.

त्या वर्षी दादाचं जुनं पेरणी यंत्र मोडलं. लासूर स्टेशनला एकाकडं वापरलेलं यंत्र विकायला आहे असं मला दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून कळलं, आणि मी म्हणालो, मी बघून आणतो. दादानं आधी माझ्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाला, ट्रॅक्टरच्या मागचे अवजार धरणारे दोन्ही आर्म किती फाकतात ते मोजून जा, यंत्राच्या पिना तेवढ्याच अंतरावर पायजेत.

मी सुतळीनं मोजलं. जिथं माप संपलं तिथं गाठ मारली आणि सुतळी स्कूटरच्या डिकीत टाकली. मधल्या आठवड्यात दुकानातलं एक खोकं बांधायला तीच सुतळी घेतली, सोडली, परत टाकली. लासूरला यंत्रासमोर उभं राहून ती बाहेर काढली तर तिच्यावर दोन गाठी. एक गाठ यंत्राच्या पिनांपर्यंत पोचत नव्हती. दुसरी बरोबर पोचत होती. मी विचार केला, आणि जी जुळली ती खरी धरली.

विकणारा शेतकरी भला माणूस होता. त्यानं विचारलं, ट्रॅक्टर केवढा हाय तुमचा? मी म्हणालो, लाल आहे. त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि चहा सांगितला.

टेम्पोतून यंत्र अंगणात उतरलं तेव्हा अर्धी गल्ली जमा झाली होती. आमच्याकडं ट्रॅक्टरला नवं अवजार जोडणं म्हणजे सोयरीक बघण्यासारखं असतं, ज्याचा संबंध नाही तो सगळ्यात पुढं. दादानं ट्रॅक्टर मागं मागं आणला. थांबला. उतरला. आर्म धरून बाहेर ओढले, साखळ्या सैल केल्या, आणखी ओढले. आर्म टायरला जाऊन टेकले तरी पिना पलीकडंच राहिल्या. आणि त्या जाडही होत्या. आर्मच्या भोकात माझं करंगळीएवढं झालेलं मन गेलं असतं, पण ती पीन जाणार नव्हती.

शेजारच्या तात्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "बैलाची वेसण शेळीला घालतूस व्हय रं?"

वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "भावजी, चष्म्याच्या दुकानात असून एवढं मोठं यंत्र दिसलं नाय व्हय तुम्हाला?"

सगळे हसले. मीही हसलो. दादा मात्र हसला नाही, तो यंत्राखाली वाकून बघत होता. त्याला रागवायला वेळ लागतो, तोवर काम सुचतं. म्हणाला, पिना बाहेरच्या अंगाला काढल्यात, त्या काढून आतल्या अंगाला बसवू, म्हणजे अंतर कमी होईल. जाडी लेथवर उतरवून आणू.

मग आम्ही दोघं पिना स्कूटरवर घेऊन कन्नडला गेलो. बाजाराचा दिवस, लेथवाल्याकडं गर्दी, मांडीवर त्या पिना घेऊन मी बाकावर बसलेला, जसा कोणी दवाखान्यात नंबर लावून बसतो. लेथवाल्यानं त्या घासून बारीक केल्या. परत आल्यावर उलट्या बसवल्या. वरचा टॉपलिंक, म्हणजे यंत्राच्या डोक्याला ट्रॅक्टरशी धरून ठेवणारा मधला दांडा, त्याचे आटे गंजले होते. त्यावर डिझेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, मी एकदा स्वतःच्या अंगठ्यावर ठोकलं, तात्यांनी त्यावरही मत दिलं. पण शेवटी यंत्र जोडलं गेलं. दादानं लिफ्ट उचलली, यंत्र जमिनीवरून वर आलं, आणि जमलेली मंडळी थोडी निराश होऊन घरी गेली.

फक्त एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खुपत होती. यंत्राची डावी बाजू जराशी खाली लोंबत होती. आता ज्याचा जन्म लोकांचे चष्मे सरळ करण्यात गेला, त्याला असलं काही दिसलं की हात शिवशिवतात. ट्रॅक्टरच्या उजव्या आर्मला वर एक फिरवायचा दांडा असतो. तो फिरवला की यंत्राची ती बाजू वर किंवा खाली होते. मी विचारलं, हा फिरवू का? दादा बियाणं आणायला निघाला होता. जाता जाता म्हणाला, त्याला हात लावू नको, वावरात गेल्यावर बघू.

तो गेला आणि मी हात लावला.

का लावला हे मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलं आहे. खरं उत्तर एवढंच, की लोक सकाळपासून माझ्यावर हसत होते आणि मला या यंत्रातली एक तरी गोष्ट बरोबर करून दाखवायची होती. माझ्या मोबाइलमध्ये लेव्हल बघायचं ॲप होतं. घरी फोटो टांगायला घेतलेलं. त्यात एक हिरवा बुडबुडा असतो, तो मधोमध आला की शून्य दाखवतो. मी मोबाइल यंत्राच्या आडव्या दांडीवर ठेवला. दांडा फिरवत गेलो, उजवी बाजू खाली येत गेली, बुडबुडा सरकत सरकत मधोमध येऊन थांबला. शून्य. त्या शून्याचा मी फोटो काढला. दादा आल्यावर त्याला दाखवला. वावरात बघायची गरजच नाही, म्हणालो, एकदम शून्य आहे.

आता आमचं अंगण. आमच्या अंगणाला डावीकडं उतार आहे. भांडी घासलेलं पाणी मोरीकडं जावं म्हणून आमच्या वडिलांनीच तो काढून घेतला होता. त्या अंगणात लहानपणी माझ्या सगळ्या गोट्या मोरीत गेल्या. पाटावर जेवायला बसलो की आमटी ताटाच्या डाव्या कडेला जमायची. जगात दुसऱ्या कुठल्या जागेचा उतार मला माहीत नसेल, पण या अंगणाचा माहीत होता. ट्रॅक्टर त्या उतारावर डावीकडं कलून उभा होता, म्हणून यंत्रही डावीकडं कललेलं दिसत होतं. दोघं एकमेकांना बरोबर होते. मी एकट्या यंत्राला सरळ केलं.

पाऊस झाला, जमीन पेरणीजोगी होऊन वापसा आला, आणि सगळ्या गावाला एकदमच घाई झाली. यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. त्याच वर्षी वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्यांचा चष्मा मीच बनवून दिला होता, हलकी सोनेरी फ्रेम, काड्या मी स्वतः बसवलेल्या. तो घालून त्या पहिल्यांदाच चारचौघांत आल्या होत्या. पदर खोचून त्यांनी मूठ भरली, कपाळाला लावली आणि पेटीच्या उजव्या कोपऱ्यात सोडली. मी व्हिडिओ काढला.

दादा ट्रॅक्टरवर, मी यंत्रामागं. मागच्या माणसाचं काम एकच, माती चिरणारे फण कसे चाललेत, बी किती खोल पडतंय ते बघायचं. दादानं मान न वळवता दोनदा ओरडून विचारलं, मागं बरोबर हाय का? दोन्ही वेळा मी ओरडून सांगितलं, शून्य हाय दादा. त्यानंतर मी व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत होतो. मागं बांधलेल्या फळीनं माती सारखी होत होती आणि वरून वावर इतकं सुंदर दिसत होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी मी गेलो. दादानं नुसतं वावराकडं बोट केलं. मधल्या तासांना, म्हणजे मधल्या फणांनी काढलेल्या ओळींना, पीक छान आलं होतं. बाकी उजव्या फणांची तासं उघडी. ट्रॅक्टर जाताना एक उजवी बाजू आणि येताना दुसरी, अशा दोन उजव्या शेजारी शेजारी येऊन बैलगाडी जाईल एवढे मोकळे पट्टे पडलेले. डावीकडं तुरळक, तिथं पारवे अजून काही राहिलंय का ते बघत हिंडत होते. गावातलं कोणी तरी म्हणालं होतं, सतरंजी हाथरल्यावानी दिसतंय.

दादा बांधावर बसून राहिला. मी उजव्या पट्ट्यात बोट घालून उकरलं. बी लागेना. आणखी उकरलं. अख्खं बोट आत गेलं तेव्हा सापडलं, कुजलेलं, कोंब वाकडा होऊन वर यायची वाट शोधत मेलेला. डावीकडं उकरायची गरजच नव्हती, बी मातीवरच पडलं होतं आणि पारव्यांच्या पोटात गेलं होतं. म्हणजे उजवी बाजू खोल आणि डावी उथळ. माझा हात तसाच मातीत राहिला. दुकानात नव्या पोराला मी पहिल्या दिवशी सांगतो, चष्मा भिंतीच्या खिळ्याशी जुळवायचा नसतो, चेहऱ्याशी जुळवायचा असतो. आणि मी यंत्र ट्रॅक्टरशी न जुळवता आभाळाशी जुळवून ठेवलं होतं.

सांगायचंच असं ठरवून मी उठलो. दादा तोवर गावात गेला होता, म्हणून त्याच्या मागं पारावर गेलो. तिथं चहा चालू होता आणि विषयही. विषय वहिनी होत्या.

पहिली मूठ उजव्या कोपऱ्यात टाकली आणि उजवीकडचंच उगवलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यात त्यांनी व्हिडिओही पाहिला होता, मीच टाकलेला. कोणी म्हणत होतं, मुठीचा गुण वयाबरोबर उतरतो. कोणी म्हणत होतं, डोळ्याला सुई लागली की हाताचा अंदाज जातो. तात्यांचं म्हणणं होतं, ऑपरेशनचं काही नाही, हा चष्म्याचा परिणाम आहे. दादा खाली मान घालून कप फिरवत होता. तेवढ्यात मी दिसलो. तात्या म्हणाले, हा बघा आला, हा त्यातलाच माणूस, ह्यालाच विचारा.

आणि मला विचारलं, "काय रं, चष्मा लागल्यावर हाताचा अंदाज चुकतो का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वावरापासून तोंडात धरलेलं वाक्य तिथंच होतं. दांडा मी फिरवला होता. चार शब्द.

"काहींना होतं तसं," मी म्हणालो.

लोकांनी माना हलवल्या. माझ्या शब्दाला गावात इतकं वजन त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही. चहाचे पैसेही कोणी तरी माझे दिले.

पाप एवढ्यावर थांबलं असतं तरी जमलं असतं. पण दुबार पेरणी करायची ठरली, आणि यंत्र तसंच ठेवलं तर पुन्हा तेच होणार हे एकट्या मला माहीत होतं. दादा बियाण्याच्या रांगेत असताना मी ट्रॅक्टर वावराच्या सपाट तुकड्यावर घेतला आणि दांडा उलटा फिरवला. यंत्र ट्रॅक्टरशी समांतर झालं. या वेळी मोबाइल खिशातच ठेवला. एवढं एक काम मी त्या हंगामात बरोबर केलं, आणि तेच वहिनींना भोवलं.

कारण दुबार पेरणीला वहिनी आल्याच नाहीत. त्यांनी निरोप पाठवला, तात्यांच्या नव्या सुनेला मूठ टाकू द्या. ती बिचारी घाबरत घाबरत आली, फोडणीत हिंग टाकल्यासारखी चिमूटभर टाकून मागं सरली. आणि पीक आलं, डावीकडून उजवीकडं सगळं एकसारखं. आता याहून मोठा पुरावा तो काय पाहिजे? ज्याला शंका होती त्याचीही मिटली. तात्या महिनाभर असे चालत होते जसं काही सून त्यांनीच लेथवर करून आणली होती.

त्या रविवारी वहिनींनी मला ओट्यावर बोलावलं आणि चष्म्याची डबी माझ्या हातात दिली.

"ह्यो ठिवा तुमच्याकडं भावजी. मला बिनचष्म्याचंच बरं दिसतंय."

मी म्हणालो, वहिनी, डोळ्यांना ताण येईल.

"डोळ्याचं काय घिऊन बसलात? हात महत्त्वाचा."

त्या दिवशी आमच्या चहात साखरेच्या जागी मीठ होतं. दादानं पहिल्या घोटाला माझ्याकडं पाहिलं, मी दादाकडं. दोघांनी कप संपवला. तेव्हापासून आमच्या घरात चहा आधी थोडासा चाखून बघायची पद्धत आहे आणि पाहुण्यांना कोणी आग्रह करत नाही. वहिनी कोंबडी समजून शेजारच्या मांजराला दाणे टाकतात. मांजरही आता येऊन बसतं, त्याला सवय झाली आहे. यावर घरात सगळे हसतात, वहिनी सगळ्यात जास्त. माझ्या हसण्याला तेवढा आवाज येत नाही.

पेरणीच्या दिवसांत मात्र त्या घरातच असतात. ट्रॅक्टरचा आवाज गल्लीतून गेला की त्यांना एकदम काही तरी निवडायचं असतं, तांदूळ नाही तर डाळ. चांगलं लुगडं ट्रंकेत आहे. कोणी बोलवायलाही येत नाही आता, मला काय तेवढंच काम हाय का असं म्हणायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, याची लोक काळजी घेतात.

मागच्या थंडीत मी घरामागं गेलो तर वहिनी वाफ्यापाशी बसल्या होत्या. मेथी लावली होती. विकत आणलेल्या पुडीतलं बी त्यांनी मुठीनं सोडलं होतं हे सरींवरूनच कळत होतं, एकसारखी, सुतळी धरून लावावी तशी उगवलेली. माझी सुतळी नव्हे. त्या चष्म्याविना वाकून एकेक रोप बोटानं चाचपत होत्या, जसं कोणी अंधारात पोरांची डोकी मोजतं. मला पाहून हात झाडला.

मी म्हणालो, वहिनी, किती छान आली. एकपण खाडा नाही.

"मेथीला कुणाचाबी हात चालतो," त्या म्हणाल्या.

इथं सांगायला पाहिजे होतं. जागा चांगली होती, माणूस कोणी नव्हतं. मी सुरुवातही केली. म्हणालो, वहिनी, त्या वर्षी तो दांडा...

"कुठला दांडा?"

मी इकडं तिकडं पाहिलं. भिंतीला खोरं टेकवलेलं होतं.

"खोऱ्याचा," मी म्हणालो. "ढिला झालाय."

"मग ठोका की. अंगठा सांभाळा तेवढा."

मी खोऱ्याचा दांडा ठोकून दिला. ढिला नव्हताच. आता इतका घट्ट बसलाय की मोडल्याशिवाय निघणार नाही.

यंत्र अजून चालू आहे. दादा म्हणतो, जुनं असून लई चांगलं निघालं, तुझी नजर हाय. तो हे मनापासून म्हणतो, त्यालाही मी काही सांगितलेलं नाही. वहिनींच्या चष्म्याची डबी दुकानात माझ्या टेबलाच्या खणात आहे. अधूनमधून काच पुसून ठेवतो. काड्या अजून बरोबर आहेत. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे, ते मी तेव्हा मोजून बसवलं होतं. त्यांच्या चेहऱ्याच्या बाबतीत माझी चूक झालेली नाही.

मी वहिनींचं देणं लागतो ते असं. त्यांचा चष्मा. आणि तात्यांसह तेच सगळे लोक उभे असताना, पेरणी सुरू व्हायच्या आधी, दांडा मी फिरवला होता हे मोठ्यानं सांगणं. त्यानंतर पेटीचा उजवा कोपरा त्यांचा आहे.